डुप्लिकेट, पण सांगून

सत्य म्हणजे काय, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो दिवे घाटात. भर मे महिना, दुपारचे बारा, खाली मस्तानी तलाव, वर सूर्य आणि मधे बॉनेट उघडून उभा असलेला मी. थोरामोठ्यांना असले प्रश्न पिंपळाखाली किंवा नदीकाठी पडतात. माझ्या वाट्याला घाट आला आणि सावलीला उघडं बॉनेट. तोवर मला प्रश्न पडतच नव्हते असं नाही. पण ते संध्याकाळी कॅश बंद करताना जुळण्यासारखे असत. मी कॉमर्सचा पदवीधर. वीस वर्षांहून जास्त काळ बँकेत कारकुनी करतो आहे. (अलीकडे आमच्या हुद्द्याला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच, खुर्ची तीच, समोरची रांगही तीच. बदलली फक्त वरची डबी. डबीची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.)

गाडी आमच्या आप्पांची. १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी. त्या काळात माणूस गाडीचं बुकिंग करी आणि मग मुलाबाळांना वाढताना बघत तिची वाट पाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघे. १९६४ मध्ये ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली, पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. एवढी तीन-तीन नावं ठेवूनही आमच्या वाड्यात, ऑफिसात, नातेवाइकांत सगळे तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणाले. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढच्या अखंड सीटवर तिघं सहज बसत. दोघं बसलेले मी क्वचितच पाहिले.

आप्पा पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या कामाची नोंदवही जशी ठेवावी तशी त्यांनी गाडीची वही ठेवली होती. दोनशेपानी, निळ्या पुठ्ठ्याची. ऑइल कधी बदललं, टायर कुठून घेतला, मायकोचे प्लग चार, गॅप किती, सगळं तारीखवार. मायको ही बंगळूरची, १९५१ पासूनची कंपनी. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं. आप्पांनी त्या वर्षी वहीत लिहिलं, "प्लग चार. डबीवर नवीन नाव. प्लग पूर्वीसारखाच." माझ्या हुद्द्याचं नाव बदलायच्या आत ते गेले, नाहीतर माझ्याबद्दलही अशीच एक नोंद झाली असती.

तर दिवे घाट. जेजुरीला निघालो होतो. हडपसर ओलांडेपर्यंत गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. अर्धा घाट चढल्यावर तिला उचकी लागली, मग दुसरी, मग तिसरी, आणि ती उभी राहिली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून शोक व्यक्त केला. एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "काका, पेट्रोल संपलं." दुसरा म्हणाला, "गरम झाली." तिसरा काही म्हणाला नाही, त्याने फोटो काढला. जुन्या फियाटवाल्याचा ठरलेला उपाय म्हणजे ओलं फडकं. पेट्रोल पंपावर ठेवायचं, नाहीतर कॉइलवर. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसं. आमच्या हिने खंडोबाच्या दर्शनासाठी घेतलेला नवा पंचा पुढे केला. मी दोन्ही ठिकाणी आळीपाळीने पट्ट्या ठेवल्या. अर्ध्या तासाने गाडी अशी सुरू झाली, की जणू काही झालंच नव्हतं. सासवडच्या अलीकडे तिने पुन्हा तेच केलं. "खंडोबाला आपण नको असू," ही म्हणाली. आम्ही परत फिरलो.

आमच्या उस्तादांनी, म्हणजे मिस्त्रींनी, आधी कंडेन्सर बदलला. तोही गरम झाल्यावर असाच दगा देतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग उस्तादांनी इंजिनशेजारच्या एका काळ्या, औषधाच्या बाटलीएवढ्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "कॉइल गेली साहेब. थंड असताना शहाणी, गरम झाली की वेडी."

कॉइल करते काय, हे मी त्या दिवशी नीट समजून घेतलं. बॅटरी देते बारा व्होल्ट. तेवढ्यात प्लगमध्ये ठिणगी पडत नाही; तिला हजारो व्होल्ट लागतात. कॉइलच्या पोटात लोखंडाच्या गाभ्याभोवती जाड तारेचे काहीशे वेढे असतात आणि त्यांच्या जोडीला केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह जातो. पॉइंट उघडतो, प्रवाह तटकन तुटतो, आणि त्या तुटण्यातून बारीक तारेत वीस हजाराच्या घरात व्होल्ट उभे राहतात. बारा भरा आणि वीस हजार घ्या! असली स्कीम घेऊन आमच्या शाखेत कुणी आला, तर आम्ही त्याला बसवून घेतो आणि आत जाऊन पोलिसांना फोन लावतो. पण इथे फसवाफसवी नाही. व्होल्ट वाढले, की त्या मानाने प्रवाह घटतो. खातं जुळतं. अशी कॉइल पहिल्यांदा केली ती निकोलस कॅलन नावाच्या एका आयरिश धर्मगुरूने, १८३६ मध्ये. त्या वेळी मोटार जन्मालाही आली नव्हती. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर या एवढ्याशा डब्याला सेकंदाला शंभर ठिणग्या पुरवाव्या लागतात. मी दिवसाला शंभर व्हाउचर पास करतो आणि घरी येऊन दमलो म्हणून सांगतो.

"तीन ओमची आणा," उस्ताद म्हणाले, "आणि ओरिजिनल आणा."

सगळा घोटाळा या शेवटच्या शब्दाने केला.

दुसरा शनिवार धरून मी नाना पेठेत गेलो. त्या पेठेत मोटारीचा प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे राहतो. एका चकचकीत दुकानात शिरलो. काउंटरवरच्या तरुणाने विचारलं, "कुठली देऊ? ओरिजिनल, ओरिजिनलसारखी, की चालणारी?"

"ओरिजिनल चालत नाही का?"

"चालते ना. पण ती मिळत नाही."

"मग विचारलंत कशाला?"

"विचारावं लागतं साहेब. प्रत्येकाला तीच पाहिजे असते."

तरी त्याने आत जाऊन एक डबी आणली. डबी म्हणजे काय सांगावं! मुलीच्या लग्नात जावयाला द्यावी अशी. कोपऱ्यात चमचमणारं होलोग्राम, बाजूला बारकोड, झाकणावर सील. आता खऱ्याखोट्याची पारख हा तर माझा धंदा. नोट हातात आली की अंगठा आपोआप फिरतो, डोळा सुरक्षा धाग्यावर जातो, उजेडात गांधीजी दिसले की जीव भांड्यात पडतो. मी होलोग्रामवर अंगठा फिरवला. डबी उजेडात धरली. तिच्यात गांधीजी असण्याचं कारण नव्हतं, पण सवय. "एकदम ओरिजिनल ना?" मी विचारलं. "शंभर टक्के," तो म्हणाला. चौदाशे पन्नास रुपये मोजले. त्याच्या डोक्यावर पाटी होती, 'इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही.' ती मी पैसे दिल्यावर वाचली. पाट्या नेहमी तेव्हाच दिसतात.

कॉइल बसवली. आठवड्यात पॉइंट जळून काळे पडले आणि कॉइलवर पापड भाजता येईल इतकी ती तापली. उस्तादांनी मीटर लावला. दीड ओम! ही कॉइल वेगळ्या गाड्यांची. त्या गाड्यांत कॉइलच्या आधी वाटेत आणखी एक रोध बसवलेला असतो. दोघं मिळून प्रवाहाला आवर घालतात. आमच्या गाडीत तो नाही. म्हणजे चार अँपिअरच्या जागी आठ. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं, तर दारावरचा शिपाई निम्मा केला आणि पैसे काढणारे दुप्पट झाले.

मी तावातावाने पुन्हा नाना पेठ गाठली. बिल, डबी, कॉइल काउंटरवर ठेवली. "ओरिजिनल म्हणून दिलीत!"

तो अगदी शांत. "ओरिजिनलच आहे साहेब. तुमच्या गाडीची नाही."

परतीच्या वाटेवर मी हे वाक्य चार वेळा मनात म्हणून पाहिलं आणि चारही वेळा मला त्यात खोटं सापडलं नाही. मी विचारलं होतं, ओरिजिनल आहे का? ती होती. ती कुणाची, हे मी विचारलं नव्हतं. कोर्टात उभं केलं असतं तर तो ताठ मानेने बाहेर आला असता. तरी मी फसलो होतो आणि त्यानेच फसवलं होतं. मग खोटं होतं कुठे? डबीत नव्हतं, कॉइलमध्ये नव्हतं, बोलण्यात तर नव्हतंच. ते बहुधा तो गप्प बसला त्या जागेत होतं. माझी गाडी खिडकीतून त्याला समोर दिसत होती.

(ती कॉइल उस्तादांनी ठेवून घेतली. डबी हिने बटणांसाठी घेतली.)

मग जुना बाजार. तिथे एका सतरंजीवर घड्याळं, नळ, बाहुल्यांचे हात आणि तीन कॉइल मांडून एक गृहस्थ बसले होते. "मुंबईच्या टॅक्सीची आहे," ते म्हणाले. हे पटण्यासारखं होतं. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनीची शेवटची नोंदणी झाली ताडदेवच्या आरटीओत, २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती टॅक्सी म्हणून उरली नाही. हजारो गाड्या भंगारात गेल्या, आणि त्यांचे डोळे, मूत्रपिंडं, हृदयं गावोगावच्या सतरंज्यांवर आली. ही कॉइल मात्र खरोखरच आमच्या गाडीची. जुनी, खरवडलेली, पण तीन ओमची. दीडशे रुपये. सतरंजीवाल्याने एकच गोष्ट जास्त सांगितली, "ओरिजिनल आहे, पण किती चालेल ते देवाला माहीत." देवाला आठ दिवस माहीत होतं. नवव्या दिवशी तीच उचकी. ओरिजिनल तर मिळाली होती. आजारासकट मिळाली होती.

चिरंजीवांनी मोबाइलवर शोधून दाखवली. सर्व गाड्यांना बसणारी, साडेचार तारे. एका ग्राहकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून बसवली नाही, पण पॅकिंग छान.' मी मोबाइल परत केला.

त्या रात्री मी खरोखर विचार करायला बसलो. ओरिजिनल म्हणजे काय? गाडीची पहिली कॉइल तरी कुर्ल्यात कुठे झाली होती? मोटारीचे कारखाने कॉइल, प्लग, बॅटरी बाहेरून घेतात. म्हणजे जन्मतःच आमच्या गाडीचं हृदय दत्तक. त्यानंतर चाळीस वर्षांत टायर, क्लच, रेडिएटर, दोन दरवाजे, सीटची कव्हरं, रंग, अगदी मागची काचही बदललेली. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने हेच विचारलं होतं. राजा म्हणाला, मी रथातून आलो. भिक्षू म्हणाला, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला, आणि शेवटी कबूल झाला, की रथ हे या सगळ्याला मिळून दिलेलं एक नाव. राजा होता म्हणून सुटला. त्याला रथाच्या आसाची डिलिव्हरी घ्यायची नव्हती.

आणि मला आमच्या शाखेतले एक पेन्शनर आठवले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. ऐंशी पार. त्यांच्या नमुन्याच्या सहीचं कार्ड १९८३ सालचं. त्यावर मोराच्या पिसाऱ्यासारखी सही. आता हात कापतो. सही करतात ती भूकंपमापकाच्या रेघेसारखी उमटते. नियम सांगतो, सही जुळत नाही. मी एकदा त्यांना म्हणालो होतो, "आजोबा, सही जुळत नाही हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मलाही जुळत नाही. पण मीच आहे." ओरिजिनल माणूस समोर उभा होता आणि मी १९८३ च्या डबीवरचं होलोग्राम तपासत होतो. मग नवीन कार्ड भरून घेतलं. पण त्या दिवशी त्यांना तासभर बाकावर बसवलं होतं, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

झोप येईना म्हणून आप्पांची वही काढली. चाळता चाळता सापडली. १४ मार्च १९९४. "कॉइल बदलली. रु. १८०. नाना पेठ. डुप्लिकेट, पण सांगून." दुकानाचं नाव आणि खूण लिहिलेली. आणि त्याच ओळीच्या शेवटी, वेगळ्या शाईत, पाच वर्षांनी घातलेली तारीख आणि "अजून चालू."

आप्पांचं हे नेहमीचं होतं. त्यांना माणूस आवडला की ते त्याला हुशार म्हणत नसत, प्रेमळ म्हणत नसत. "सांगून करणारा आहे" म्हणत. दूधवाला पाणी घालायचा, पण उन्हाळ्यात सांगून घालायचा; त्याच्याकडचं दूध त्यांनी कधी बंद केलं नाही. मला लहानपणी हे भोळेपणाचं वाटे. पाण्याचे पैसे देऊन वर त्याचं कौतुक!

दुकान त्याच जागी होतं. अंधारं, अरुंद, दारात स्टूल, स्टुलावर म्हातारे शेठ. मी गाडीचं नाव सांगितलं. ते उठले, फळीवरून साध्या खाकी खोक्यातली कॉइल काढली, न विचारता मीटर लावून दाखवला. तीन ओम, वर काटा किंचित. "ओरिजिनल आता येत नाही," ते म्हणाले. "ही दिल्लीची आहे. डुप्लिकेट समजा. साडेसहाशे. शहरात काही होणार नाही. लांब जाणार असाल, घाट असेल, तर एक जास्तीची बरोबर ठेवा."

"गॅरंटी?"

"डुप्लिकेटला कसली गॅरंटी? आत्ता मीटर दाखवला ना, तेवढी."

मी त्यांना वही दाखवली. १९९४ ची नोंद वाचून दाखवली. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येणार, आप्पांची आठवण निघणार, चहा येणार. ते म्हणाले, "असतील आले. रोज शंभर माणसं येतात." चहा आला नाही. मी विचारलं, "पण शेठ, डुप्लिकेट आहे हे आधीच सांगितलं, तर गिऱ्हाईक जात नाही का?"

"जातं की. समोरच्या दुकानात जातं. तिथून भांडून इकडे येतं." त्यांनी खोक्याला सुतळी बांधली. "न सांगता दिली तर तुम्ही परत आलात तर भांडायला येणार. सांगून दिली तर दुसरी घ्यायला येणार. मला दुकान चालवायचंय."

एस. वाय. ला असताना आम्हाला गुडविल शिकवलं होतं. डोळ्यांना न दिसणारी मालमत्ता. सरासरी नफा काढायचा, त्याला तीन वर्षांनी गुणायचं, आली गुडविलची किंमत. त्यावर मी दहापैकी आठ मार्क मिळवले होते. सुतळी बांधताना ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

हे इथे संपलं असतं, तर मी आज मोठ्या रुबाबात दुकानदारांच्या नीतीवर चार शब्द सुनावले असते. पण आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या घराला पार्किंग नाही. गाडी पंधरा वर्षांची झाली, की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. तेही पुन्हा जवळ आलं होतं. गाडी विकायची ठरली.

एक तरुण आला. आयटीतला, जुन्या गाड्यांचा शौकीन, मला 'काका' म्हणणारा. गाडी बघून त्याचे डोळे असे चमकले, की मी मनातल्या मनात किंमत दहा हजारांनी वाढवली. सौदा जवळजवळ ठरला, दुसऱ्या दिवशी कागद करायचे. आणि त्या रात्री मी एक गोष्ट केली. बटणांची डबी रिकामी केली, फडक्याने पुसली आणि गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. कुणाला काही बोललो नाही. स्वतःलाही नाही. डबी गाडीसाठी घेतली होती, गाडीत ठेवली, एवढंच.

सकाळी त्याने कप्पा उघडला. "अरे वा काका, कॉइल ओरिजिनल घातलीये!"

मी म्हणालो, "हं."

'हो' म्हणालो नाही, हे लक्षात घ्या. 'हं' म्हणालो. मराठीत 'हं'चे अर्थ पुष्कळ. ऐकलं, कळलं, बघू, चालू द्या. कोर्टात उभं केलं असतं, तर मी ताठ मानेने बाहेर आलो असतो.

मी आत येऊन उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, "गाडी चालू आहे ना? मग कॉइलचं कशाला काढता?" हिला विचारलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "आपल्या लग्नात तुमच्याकडच्यांनी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं होतं का?" मी विचारलं, "काय सांगायचं राहिलं होतं?" तिने चिरणं थांबवलं नाही, नुसतंच "हं" म्हणाली.

नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० टेबलावर पसरले होते. रोज दोनशे सह्या तपासणारा मी, सही करायला पेन टेकवलं आणि ते हलेना. त्या पेन्शनरांचा बाक आठवला, सुतळी आठवली. मी पेन खाली ठेवलं. "ती डबी बटणांची आहे," मी म्हणालो.

"काय?"

मग सगळं सांगितलं. कॉइल दिल्लीची, डुप्लिकेट, साडेसहाशेची. घाटात जायचं असेल तर दुसरी बरोबर ठेवा. तरुण मोकळेपणाने हसला. "काका, साडेसहाशे रुपयांसाठी एवढं टेन्शन?" मलाही हसू आलं. खरं बोलणं इतकं स्वस्त पडतं, हे माहीत असतं तर आयुष्यात जास्त वेळा बोललो असतो, असंही मनात आलं.

पण त्याचं हसणं हळूहळू कमी झालं. तो गाडीकडे बघू लागला. मग माझ्याकडे. "आणखी काय काय सांगायचं राहिलंय?"

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. डबी बोलली नसती, तर कुणालाच काही विचारावंसं वाटलं नसतं. आता तो प्रत्येक नटबोल्टकडे संशयाने बघत होता. माझ्याकडे शपथ घेण्यापलीकडे एकच पुरावा होता. मी आप्पांची वही आणून त्याच्यापुढे ठेवली. तो दीड तास वाचत बसला. आमचे आप्पा काय लिहून ठेवतील आणि काय नाही! "डावा दरवाजा ठोकून घेतला, रंग जुळला नाही." "पायाखालचा पत्रा गंजला, आतून पॅच." "गिअर दुसरा अडतो. सवय झाली." प्रत्येक ओळीला किंमत हजाराने उतरत होती. आठ हजार उतरली. आत भांडी जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

सह्या झाल्या. तरुण उठला आणि वहीवर हात ठेवून म्हणाला, "ही मला पाहिजे काका. हिच्याशिवाय गाडीला अर्थ नाही."

बरोबर होतं त्याचं. गाडीची वही गाडीबरोबरच जायला हवी. पण मला ती देववेना. मी दोन दिवस मागून घेतले आणि वही घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पोराने विचारलं, "दोन्ही बाजूंनी मारू?" पानामागून पान निघत होतं. १९८६, १९९४, २००८. शेवटची पानं आप्पांनी पेन्सिलीने लिहिली होती. बॉलपेन दाबवत नव्हतं त्यांना.

गाडी न्यायला तो आला, तेव्हा मी त्याच्या हातात स्पायरल केलेली प्रत दिली. "ही झेरॉक्स आहे," मी म्हणालो. "मूळ वही मी ठेवून घेतलीय."

त्याने ती चाळली. शेवटाकडे आल्यावर थांबला, पान उजेडात धरलं.

"काका, शेवटची पानं पुसट आलीयेत."

"ती मूळ वहीतही पुसटच आहेत," मी म्हणालो.